तांब्याच्या नव्या अर्कयंत्रातून पाणी निळसर, हिरवट किंवा पेस्टच्या वासाचं येतंय? आधी वेटोळं तपासा

भांडं आतून लखलखीत, झाकण लखलखीत, आणि तरी पहिल्याच गवती चहाचा अर्क बाटलीत उतरतो तो फिकट निळा. मग पुन्हा चिंच-मीठ, पुन्हा घासणं, आणि पुढच्या वेळी तोच रंग. घरी बनवून घेतलेल्या तांब्याच्या अर्कयंत्राची ही नेहमीची तक्रार आहे. कारण बहुतेक वेळा भांड्यात नसतंच. हात जिथवर पोचतो तिथवर सगळे घासतात. घाण राहते ती गार पाण्याच्या ड्रममधल्या वेटोळ्यात, म्हणजे गोल गुंडाळलेल्या नळीत, आणि झाकणातून निघणाऱ्या नळीच्या सांध्यांत. वाफेला शेवटी तिथूनच जायचं असतं.

दुसरी चूक क्रमाची. तेलकट तांब्यावर आंबट पाणी ओतलं तर ते तेलावरून घसरून जातं, खालचा काळा थर तसाच राहतो. म्हणून आधी तेल, मग झाळताना, म्हणजे सांधे जोडताना लावलेली पेस्ट, मग काळा थर, मग वाफ. हा क्रम पाळला तर एका दिवसात यंत्र तयार होतं. उलटा केला तर तीन वेळा धुऊनही पहिल्या अर्कात वास येतो.

इथली मापं १५ ते २५ लिटरचं भांडं, वर निमुळतं झाकण, अर्धा इंची मऊ तांब्याच्या नळीचं साधारण चार मीटर वेटोळं आणि ५० लिटरचा प्लास्टिकचा ड्रम, अशा यंत्राची आहेत. तुळस, गुलाब, पुदिना, गवती चहा, रोशा गवत यांचा अर्क आणि तेल काढायला एवढं पुरतं. रोशाचं तेल गाळणं खानदेशाला नवीन नाही, नंदुरबार-तळोदा-पिंपळनेर पट्ट्यात एकोणिसाव्या शतकातही त्याच्या भट्ट्या चालत होत्या. याच यंत्रात मोहाची दारू गाळणं मात्र महाराष्ट्र दारूबंदी कायदा, १९४९ खाली गुन्हा आहे. त्या हेतूनं यंत्र नुसतं बाळगणंही गुन्हाच. पुढचं सगळं पाना-फुलांच्या अर्कापुरतं आहे.

रंग आणि वास काय सांगतात

*स्वच्छ निळा रंग.* हा अमोनियाचा मामला आहे. झाळताना नवसागर वापरला असेल, किंवा नवसागर मिसळलेली पेस्ट असेल, तर त्याचा अंश सांध्याच्या फटीत राहतो. पाणी उकळलं की नवसागरातून अमोनिया सुटतो, वाफेबरोबर वेटोळ्यात जातो, तिथल्या तांब्याच्या काळ्या थराला विरघळवतो आणि निळा होऊन बाहेर पडतो. म्हणूनच भांडं कितीही घासलं तरी हा रंग जात नाही. विरघळणारा थर वेटोळ्यात, आणि विरघळवणारा अमोनिया सांध्यात. दोन्ही काढावे लागतात. पाला भांड्याच्या तळाला लागून जळला तरी थोडा अमोनिया सुटू शकतो, पण तेव्हा सोबत करपट वासही येतो. पारख सोपी आहे. कोऱ्या कागदावर हळदीचं पाणी लावून वाळवा आणि बाटलीत पडणाऱ्या पाण्याचा एक थेंब त्यावर टाका. पिवळ्याचं तांबूस झालं तर अमोनिया किंवा सोडा शिल्लक आहे. तांबूसपणा वाळल्यावर उडून गेला तर अमोनिया, टिकला तर सोडा.

*हिरवट रंग.* हा आंबटाचा. व्हिनेगर किंवा लिंबाच्या पाण्यानं धुऊन यंत्र ओलंच ठेवलं की आंबट, हवा आणि तांबं मिळून हिरवा कळंक तयार होतो. तांब्या-पितळेच्या भांड्यात ताक कळकतं, तीच ही गोष्ट. हा कळंक पाण्यात विरघळतो, त्यामुळे पुढच्या वेळी पहिले दोन-तीनशे मिली हिरवट येतात आणि नंतर पाणी साफ होतं. धार सुरुवातीला हिरवी आणि मग स्वच्छ, असं दिसलं तर दोष धुण्यात नाही, धुतल्यानंतरच्या हलगर्जीत आहे.

*पाण्यावर तेलकट इंद्रधनुषी तवंग.* अर्थात पाल्याचं तेल नसेल तेव्हाचा, म्हणजे नुसतं पाणी उकळतानाचा. तांब्याच्या पत्र्यावर आणि नळीत कारखान्यातलं वंगण असतं. दोन्ही टोकांना टोपण असलेली नवी एसीची नळी बरीच साफ असते. भंगारातल्या जुन्या एसीची किंवा फ्रीजची नळी वापरू नका. त्यात कॉम्प्रेसरचं तेल मुरलेलं असतं आणि ते चार मीटरच्या वेटोळ्यातून पूर्ण निघाल्याची खात्री घरी करता येत नाही.

*राळेचा, जळक्या डिंकासारखा वास.* राळेची पेस्ट सांध्याच्या आत वितळून पसरलेली आहे. साध्या पाण्यानं ती निघत नाही. तिचा उपाय शेवटच्या पायरीत आहे.

*काळे कण.* टॉर्चनं तापवलेल्या तांब्याचा पापुद्रा. थंड झाल्यावर तो सुटतो आणि पाण्याबरोबर वाहतो.

*बारीक रेती.* नळी वाकवताना चपटी होऊ नये म्हणून आत वाळू भरतात. तिचे दाणे वेटोळ्याच्या खालच्या बाजूला बसून राहतात. काही कारागीर वाळूऐवजी मीठ भरतात. तसं केलं असेल तर वेटोळं आधी साध्या पाण्यानं भरपूर धुवा, कारण मीठ राहिलं तर आतून तांबं खात राहतं आणि हिरवा रंग दर वेळी परत येतो.

धुऊन न जाणाऱ्या दोन गोष्टी

धुण्याआधी झाळकाम कशानं केलं ते विचारून घ्या. रेडिओ-टीव्ही दुरुस्तीच्या दुकानातलं सोल्डर बहुधा ६०/४० किंवा ६३/३७ असतं. पहिला आकडा कथलाचा, दुसरा शिशाचा. शिसं धुऊन जात नाही. उलट आंबट पाण्यानं धुतलं की ते थोडं थोडं विरघळत राहतं. असा सांधा सापडला तर तो वितळवून, खरवडून, शक्य असेल तर नळीचा तेवढा तुकडा कापून पुन्हा करायचा. याला दुसरा उपाय नाही. शिसं नसलेलं सोल्डर मागून घ्या. रिळावर ९९.३ टक्के कथील आणि ०.७ टक्के तांबं, किंवा कथील-चांदी असं लिहिलेलं असतं. ते २१७ ते २२७ अंशांच्या आसपास वितळतं, शिशाचं १८३ पासूनच मऊ होतं. भांड्याला आतून कल्हई करून घेणार असाल तर कथील शुद्ध आहे ना हेही विचारा, कारण कल्हईतही शिसं मिसळलेलं असू शकतं.

दुसरी गोष्ट कॅडमियम. जळगावच्या सराफ बाजारात केडीएम हा शब्द सगळ्यांना ठाऊक आहे, तो कॅडमियमच्या झाळीवरूनच आला. सोनारकामातली चांदीची जुनी झाळही कॅडमियमची असू शकते. ओळखीच्या सोनाराकडून सांधे करून घेताना कॅडमियम नसलेलीच झाळ वापरायला सांगा. त्याचा धूर करणाऱ्यालाही घातक असतो. तांब्याला तांबं जोडायला सगळ्यांत सोयीची फ्रीज-एसीवाल्या मेकॅनिककडची तांबं-फॉस्फरसची ब्रेझिंग रॉड. तिला तांब्यावर पेस्ट लागत नाही, म्हणजे धुण्याचं निम्मं काम आधीच वाचतं. पितळी भाग जोडायचा असेल तर मात्र पेस्ट लागते.

हे दोन्ही तपासून झालं की मगच पाणी तापवायला ठेवा.

धुण्याचा क्रम

सुरुवात कोरड्या कामानं. वेटोळ्याचं वरचं टोक पंक्चरवाल्याच्या कॉम्प्रेसरला लावून हवा मारा. खालच्या टोकाला गोणपाट धरा, कण वेगानं उडतात. नळी उलटी-सुलटी करून दोन-तीन वेळा मारा. हवा अडखळत येत असेल तर नळी कुठेतरी चपटी झाली आहे किंवा आत सोल्डरचा थेंब गोठला आहे. हे आत्ताच दुरुस्त करा. बंद वेटोळं आणि खाली पेटलेली शेगडी म्हणजे झाकण उडण्याची तयारी. अर्कयंत्राच्या तोंडाला कॉक कधीच लावायचा नाही, त्याचंही कारण हेच.

मग तेल. भांड्यात १० लिटर गरम पाणी, २०० ग्रॅम धुण्याचा सोडा आणि भांडी घासायच्या लिक्विडचे चार-पाच थेंब. जास्त घातलं तर फेस आवरत नाही. नळी न जोडता २० मिनिटं मंद उकळवा, मग नायलॉनच्या घासणीनं सगळीकडून फिरवा. झाकण त्याच पाण्यात बुडवा. कॉस्टिक सोडा वापरायची गरज नाही. तो कथलाला खातो आणि हातालाही. लोखंडी तारेची घासणीही नको. तिचे तुकडे सांध्यात अडकतात आणि दोन दिवसांनी तिथे गंजाचे ठिपके उठतात.

वेटोळ्यात हेच सोड्याचं गरम पाणी भरायचं, पण वरून नाही. वरून ओतलं की प्रत्येक वळणाच्या माथ्यावर हवा अडकते आणि तेवढा भाग कोरडा राहतो. खालच्या टोकाला पारदर्शक प्लास्टिकची नळी बसवा, तिच्या दुसऱ्या तोंडात नरसाळं घाला आणि नरसाळं वेटोळ्याच्या वरच्या टोकापेक्षा उंच धरून ओता. पाणी खालून चढतं, हवा वरून निघून जाते. वरच्या टोकातून धार आली की नळी भरली. अर्धा इंची नळीच्या चार मीटर वेटोळ्यात साधारण ४०० मिली मावतं. तुम्ही अर्धा लिटर मोजून घेतलं आणि दीडशेतच वरून पाणी आलं तर हवा अडकली आहे, पुन्हा भरा. पंधरा मिनिटं ठेवून काढा आणि साध्या पाण्यानं दोनदा धुवा.

आता पेस्ट. टाकणखार (बोरॅक्स) लावून झाळलं असेल तर सांध्यावर काचेसारखा थर दिसतो. त्याला हातोडीनं फोडू नका, सांधा हलतो. कढत पाण्यात अर्धा तास भिजू द्या, तो मऊ पडून विरघळतो, उरलेला पुढच्या आंबट पाण्यात जातो. चांदीच्या झाळीची पांढरी पेस्टही कढत पाण्यातच निघते, गार पाण्यात नाही. मात्र तिच्यात फ्लोराइड असतं, म्हणून हातमोजे घाला आणि ते पाणी वेगळं टाका. नवसागरासाठी कढत पाणी तीन वेळा बदला. एकाच पाण्यात तासभर ठेवण्यापेक्षा दहा-दहा मिनिटांची तीन पाणी जास्त काम करतात, कारण प्रत्येक ताज्या पाण्यात फटीतला नवसागर नव्यानं उतरतो.

काळ्या थरासाठी लिंबूसत्त्व, किराणा दुकानात मिळतं तेच. लिटरला २५ ग्रॅम, पाणी बोट ठेववणार नाही इतपत गरम, म्हणजे ६० अंशांच्या आसपास. भांड्यात २० ते ३० मिनिटं, वेटोळ्यात खालून भरून तेवढाच वेळ. तांबं काळ्या-तपकिरीवरून फिकट गुलाबी झालं आणि पाण्याला हिरवट-निळी झाक आली की थांबा. रात्रभर ठेवून जास्त साफ होत नाही. हवा लागत राहते, आंबट तांब्यालाच विरघळवू लागतं आणि पाण्याच्या रेषेवर हिरवा पट्टा उठतो. चिंच-मीठ बाहेरून चकाकी आणायला उत्तम आहे, पण आतून नको, मीठ सांध्यात राहतं. संडास साफ करायचं ॲसिड आणि ब्लीचिंग पावडर यांना तर यंत्राच्या जवळही आणू नका. झाकण म्हणून ॲल्युमिनियमचं पातेलं बसवलं असेल तर ते बदलून घ्या. आंबट पाण्यात तांब्याला टेकलेलं ॲल्युमिनियम झपाट्यानं झिजतं.

आंबट पाणी काढल्या काढल्या खाण्याच्या सोड्याचं पाणी फिरवा, लिटरला १० ग्रॅम, आणि मग साधं पाणी दोनदा. यात मध्ये चहाला जाऊ नये. पाच-दहा मिनिटांत वेटोळं उन्हात वाळायला लागतं आणि आंबट तिथेच सुकू लागतं. मे महिन्यात भुसावळ-जळगावकडे तर याहून लवकर. काढलेल्या पाण्यात तांबं असतं. ते गुरांच्या डोणीजवळ, विहिरीजवळ किंवा रोपांच्या आळ्यात ओतू नका. मेंढ्यांना तांबं फार लवकर बाधतं.

वाफेची फेरी: व्हिनेगर इथे का लागतं

लिंबूसत्त्व वाफेबरोबर उडत नाही. भांड्यात घालून उकळलं तर ते भांड्यातच राहतं, झाकणाच्या मानेला आणि वरच्या नळीला त्याचा काही उपयोग होत नाही. व्हिनेगरमधलं आम्ल वाफेबरोबर वर चढतं आणि जिथे जिथे अर्क जाणार आहे तिथे तिथे पोचतं. म्हणून भिजवायला लिंबूसत्त्व आणि वाफेला व्हिनेगर. एकाच्या जागी दुसरं चालवून घेणाऱ्यांची मान काळीच राहते.

२ लिटर पांढरं व्हिनेगर आणि ४ लिटर पाणी भांड्यात घ्या. झाकणाचा सांधा कणकेनं लिंपा. खानदेशात घरोघरी असलेलं कळण्याचं, म्हणजे ज्वारी-उडदाचं पीठ याला फार चांगलं. त्यातल्या उडदामुळे ते चिकटून बसतं आणि तापल्यावर कणकेसारखं तडकत नाही. मात्र मीठ न घातलेलं घ्या. यंत्र उघड्यावर, वाऱ्याच्या बाजूनं उभं राहून चालवा, वाफ डोळ्यांना झोंबते.

पहिली दहा मिनिटं ड्रममध्ये पाणी घालू नका. वाफ गार झाली नाही की ती वेटोळ्याच्या शेवटच्या वळणापर्यंत कढत जाते आणि सगळी नळी आतून शेकते. ड्रम प्लास्टिकचा असेल तर नळी जिथून बाहेर येते तिथे लक्ष ठेवा, प्लास्टिक मऊ पडू लागलं तर लगेच पाणी भरा. तोंडातून वाफ सुटत असताना समोर हात किंवा चेहरा नको. मग ड्रम भरून दीड-दोन लिटर पाणी बाहेर येऊ द्या. हे पाणी निळं-हिरवं येणारच, त्यासाठीच ही फेरी आहे. फेकून द्या. गॅस बंद करताना बाहेरचं टोक बाटलीतल्या पाण्यात बुडालेलं नको, भांडं गार होताना ते पाणी उलटं ओढलं जातं.

गार झालं की लगेच भांडं रिकामं करून ६ लिटर साध्या पाण्याची दुसरी फेरी. इथे पाणी कोणतं हे महत्त्वाचं. यावल, रावेर, चोपड्याकडचं बोअरचं पाणी जड असेल तर भांड्याला पांढरा थर धरतो आणि तोच पुढे कणांच्या रूपानं दिसतो. या फेरीला आणि शेवटच्या धुण्याला जारचं आरओ पाणी वापरा, वीस लिटरचा एक जार पुरतो.

शेवटची फेरी वाया घालवायची. एक किलो नीलगिरीचा पाला आणि ६ लिटर पाणी. नीलगिरीच का, तर तिचं तेल राळ विरघळवतं. पेस्टचा जो अंश पाण्याला आणि आंबटाला दाद देत नाही तो या तेलाबरोबर बाहेर येतो. पाला तळाला लागू नये म्हणून खाली जाळी ठेवा. दीड लिटर काढा आणि सगळं टाकून द्या. वास कितीही चांगला आला तरी हा अर्क अंगाला लावायचा नाही आणि कुणाला द्यायचाही नाही. त्यानंतर आणखी एक साध्या पाण्याची छोटी फेरी, नीलगिरीचा वास घालवायला.

साफ झालं हे कसं ओळखायचं

या शेवटच्या पाण्याचे पहिले अर्धा लिटर पारदर्शक बाटलीत घ्या आणि पांढऱ्या कागदावर ठेवून वरून बघा, बाजूनं नाही. उंच पाण्यातून खाली बघितलं की फिकट झाकही दिसते. तवंग नको, कण नको, हळदीचा कागद पिवळाच राहायला हवा. मग थोड्या पाण्यात लिंबाचे दोन थेंब पिळून घासून चकचकीत केलेला लोखंडी खिळा तासभर ठेवा. त्यावर तांबूस लेप चढला तर तांबं भरपूर येतंय, वेटोळं पुन्हा धुवा. लेप चढला नाही म्हणून तांबं शून्य, असं मात्र नाही. पिण्याच्या पाण्यासाठी आयएस १०५०० या भारतीय मानकात तांब्याची स्वीकार्य मर्यादा लिटरला ०.०५ मिलीग्रॅम आहे आणि दुसरं पाणी नसेल तेव्हा १.५ मिलीग्रॅम. डोळ्याला रंग दिसतो तेव्हा प्रमाण त्याच्या बरंच पुढे गेलेलं असतं. त्यामुळे रंगीत अर्क गाळून, निवळून किंवा पातळ करून वापरायचा विचारच करू नका.

सगळं करूनही दर हंगामात परत येतं तेव्हा

हे जवळजवळ नेहमी साठवणीतून होतं. काम झालं की यंत्र जोडलेलंच ठेवतात. वेटोळ्याच्या खालच्या वळणात चमचाभर अर्क राहतो, पावसाळाभर तो तिथेच आंबतो. उन्हाळ्यात हे खपून जातं, कारण वेटोळं दोन दिवसांत खडखडीत वाळतं. आषाढ-श्रावणात नाही. प्रत्येक वेळी सांधे सोडवा, लिंपलेलं पीठ खरवडून काढा, वेटोळं तिरपं करून निथळू द्या, जमलं तर हवा मारा. तोंडं सुती कापडानं बांधा. प्लास्टिकच्या पिशवीत आतला ओलावा कोंडून राहतो.

आणि दर वेळी आतून गुलाबी लखलखाट आणायची गरज नाही. एकदा नीट साफ झालेलं तांबं वापरानं तपकिरी होतं. तो पातळ, घट्ट थर तांब्याला सांभाळतो. प्रत्येक वेळी आंबटानं तो काढला की दर वेळी उघडं तांबं अर्काला लागतं आणि हिरव्याची तक्रार उलट वाढते. काढायचं ते फक्त हिरवं, निळं आणि बोटाला लागणारं सुटं काळं. बाकी वेळी कढत पाणी, सोडा आणि मऊ घासणी बस. नव्या हंगामाच्या आधी दोन लिटर साधं पाणी उकळून वेटोळ्यातून वाफ काढा, पहिले ४०० मिली फेकून द्या, आणि उरलेलं पांढऱ्या कागदावर बघून मगच पाला भरा.